गोड्या पाण्याचा आकडा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एक बाई आपल्या चौथीतल्या मुलाला तापासाठी दवाखान्यात घेऊन आल्या. ताप साधाच होता. घसा पाहण्यासाठी मुलाला तोंड उघडायला लावले आणि माझी नजर घशापर्यंत पोचण्याआधी दातांवरच थांबली. वरच्या पुढच्या चारही दातांवर खडूने ओढल्यासारखे पांढरे आडवे पट्टे आणि मधोमध चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. मी काही विचारण्याआधीच बाई म्हणाल्या, "रोज घासते जी तो, डॉक्टरसाहेब. मी उभी राहून घासायला लावतो म्हणा ना. पण हे डाग काही जात नाई."

ते डाग घासून जाणारे नव्हतेच. ते दातांवर बसलेले नव्हते, दातांत होते. आमच्या चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्याला असे दात नवीन नाहीत. मी विचारले, पाणी कुठले पिता?

"शाळेमागच्या हापशीचं. लय गोडं पाणी आहे जी. डाळ पटकन शिजते. आन् तपासलं बी आहे आम्ही."

तपासले म्हणजे काय, तर पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारा एक तरुण गावात आला होता. त्याने पेनासारखे एक यंत्र घरातल्या पाण्यात बुडवले. आकडा आला ३१०. पाचशेच्या आत आहे, तुम्हाला यंत्राची गरजच नाही, असे सांगून तो बिचारा पुढच्या घरी गेला. म्हणजे माणूस प्रामाणिक होता. खोटे बोलून त्याला एक यंत्र खपवता आले असते. त्याच्या हातातले पेनही खोटे नव्हते, आकडाही बरोबरच असणार. तरीसुद्धा त्या आकड्याने त्या घराची पुरती फसवणूक केली. ती कशी, हे आज सांगायचे आहे. विषय थोडा यंत्राचा आणि रसायनशास्त्राचा आहे, पण वाचकांनी पान उलटू नये. घरात साखरेचा पेशंट असेल तर हे अर्धे शास्त्र तुम्ही रोज सकाळी हातात धरताच.

आधी त्या पेनाविषयी. त्याला टीडीएस मीटर म्हणतात. त्याच्या टोकाला धातूचे दोन बारीक दांडे असतात. पाण्यात बुडवले की त्यांच्यातून किंचित वीज सोडली जाते आणि ती पाण्यातून किती सहज जाते एवढेच यंत्र मोजते. पाण्यात क्षार जास्त तर वीज सहज जाते, क्षार कमी तर अडखळते. त्यावरून हिशेब करून लिटरला इतके मिलिग्रॅम क्षार, असा आकडा दाखवला जातो. क्षार कोणते, हे त्या पेनाला कळत नाही. मीठ असो, चुना असो, सोडा असो, त्याला सगळे सारखे. रोगजंतू तर वीज वाहून नेण्याच्या कामाचे नाहीत, त्यामुळे हगवणीचे जंतू भरलेले पाणीही हे पेन आनंदाने पास करते.

आता हिशेब करून पाहा. त्या हापशीच्या पाण्यात एकूण क्षार ३१०. समजा त्यात फ्लोराईड ३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एकूण क्षारांच्या एक टक्का. चांगल्या पेनाची स्वतःची चूकच दोन टक्क्यांपर्यंत धरली जाते. म्हणजे मुलाचे दात आणि पुढे हाडे बिघडवणारे जे द्रव्य आहे, ते या यंत्राच्या चुकीच्या आत सहज लपून बसते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. त्याच मानकात एकूण क्षारांची मर्यादा ५०० आहे आणि नाइलाज असेल तर २०००. पाचशेच्या आतबाहेर असे आकडे पाहणारे यंत्र एक आणि दीडमधला फरक कसा सांगणार? वखारीतल्या लाकडाच्या काट्यावर सोन्याची अंगठी ठेवण्यासारखाच हा प्रकार.

यात आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणणे जिवावर येते. ज्या पाण्यात चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर असते, तिथे फ्लोराईडला फारसे विरघळून राहता येत नाही. कॅल्शियम कमी आणि सोडा जास्त अशा पाण्यात मात्र ते सुखाने राहते. असे पाणी जिभेला गोडे लागते, साबणाला फेस देते आणि त्यात डाळ लवकर शिजते. म्हणून बायका चव पाहून, डाळ शिजवून जे पाणी निवडतात, त्यातच फ्लोराईड जास्त सापडण्याची शक्यता पुष्कळदा असते. प्रत्येक गोडी हापशी वाईट असे मुळीच नाही, पण चव ही तपासणी नव्हे. उकळणेही नव्हे. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड मरत नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते.

दुसऱ्या जातीचे विक्रेतेही आहेत. तसा एकजण माझ्याच घरी येऊन गेला. सौभाग्यवतींनी कौतुकाने मला हाक मारून बोलावले. टेबलावर दोन पेले, एकात आमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत दांड्या असलेले एक उपकरण ठेवून त्याने बटण दाबले. मिनिटभरात नळाचे पाणी आधी पिवळट, मग गढूळ तपकिरी झाले, वर घाण फेस आला. यंत्राचे पाणी स्वच्छच राहिले. "पाहिलं साहेब, हे तुम्ही रोज पिता." मी आत जाऊन चिमूटभर मीठ आणले, त्याच्या स्वच्छ पाण्यात टाकले आणि पुन्हा बटण दाबायला सांगितले. तेही तसेच तपकिरी झाले. घाण पाण्यातली नव्हतीच, ती त्याच्या लोखंडी दांड्याची होती. क्षारांमुळे वीज वाहू लागली की लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. यंत्रातून आलेल्या पाण्यात क्षार नसल्याने वीजच वाहिली नव्हती. तरुण ओशाळला. चहा मात्र घेऊन गेला. त्याला शिकवले गेले तसे तो करत होता.

आता घरातल्या साखरेच्या यंत्राकडे वळू. ग्लुकोमीटरही पट्टीवरची वीजच मोजतो. मग त्याच्या आकड्यावर मी इन्सुलिनचा डोस ठरवतो आणि टीडीएसच्या पेनाला हसतो, हे कसे? फरक पट्टीत आहे. पट्टीच्या टोकाला एक एन्झाइम लावलेले असते. ते रक्तातल्या शेकडो पदार्थांतून ग्लुकोज तेवढे ओळखते, त्याच्यापासून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि ते पट्टीवरच्या बारीक वाहकात पोचतात. जितके ग्लुकोज तितका विजेचा प्रवाह. म्हणजे दाराशी ओळखीचा माणूस बसवला आहे, तो फक्त एकालाच आत सोडतो आणि यंत्र आत आलेल्यांची मोजदाद करते. ही कल्पना १९६२ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या लेलँड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडली. खिशात मावणारे पेनसारखे यंत्र बाजारात आले १९८७ मध्ये. आज आमच्या तालुक्यातली न शिकलेली म्हातारीसुद्धा ते वापरते.

अशा यंत्रांना इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर म्हणतात. आपण त्यांना विजेवर चालणारे रासायनिक पहारेकरी म्हणू. दाराशी ओळख पटवणारा कोण, यावर सगळी किंमत अवलंबून असते. टीडीएसच्या पेनाच्या दाराशी कोणीच नाही, जो येईल तो आत.

फ्लोराईडसाठी असा दारवान आहे का? आहे, आणि तो उत्तम आहे. १९६६ साली अमेरिकेत मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस यांनी लँथॅनम फ्लोराईड या पदार्थाच्या स्फटिकाची चकती दांडीच्या टोकाला बसवून फ्लोराईडचा इलेक्ट्रोड बनवला. त्या स्फटिकातून फक्त फ्लोराईडचे कण सरकू शकतात. बाहेरच्या पाण्यातले फ्लोराईड आणि दांडीच्या आतले ठरावीक फ्लोराईड यांत जो फरक, त्याप्रमाणे चकतीच्या दोन बाजूंमध्ये मिलिव्होल्टमध्ये मोजता येईल असा दाब तयार होतो. पाण्यात फ्लोराईड दहापट झाले की हा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. त्यापूर्वी फ्लोराईड काटेकोर मोजायचे तर पाणी ऊर्ध्वपातन करून, मग रंगद्रव्ये घालून तास न् तास खपावे लागे. आता काही मिनिटांत होते. हे काही कालपरवाचे संशोधन नाही. ते पेनसारखे ग्लुकोमीटर बाजारात येण्याच्या वीस वर्षे आधीचे आहे.

मग ग्लुकोमीटर घरोघरी आणि फ्लोराईडचा इलेक्ट्रोड मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, असे का? काही कारणे खरी आहेत. रक्तात साखर भरपूर असते, लिटरला सुमारे एक ग्रॅम. फ्लोराईडची मर्यादा त्याच्या हजारपट खाली आहे. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे साखरेच्या एक लाखपट खाली. शिवाय रक्त सगळ्या माणसांचे बरेचसे सारखे, पाणी मात्र दर विहिरीला वेगळे. कुठे लोह जास्त, कुठे खारेपणा जास्त, आणि प्रत्येक गोष्ट दारवानाला चकवायला बघते. भाजीवरची कीटकनाशके, दुधातली भेसळ, पाण्यातले शिसे अशांसाठी ग्लुकोमीटरसारख्या छापील पट्ट्या करण्याचे काम जगभरच्या प्रयोगशाळांत जोरात चालू आहे. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते की आता मोबाइलवर विष कळणार. मी अशा बातम्या आवडीने वाचतो आणि जपून विश्वास ठेवतो. प्रयोगशाळेतले स्वच्छ पाणी वेगळे आणि पावसाळ्यात आमच्या नाल्याकाठच्या विहिरीचे पाणी वेगळे.

पण एक कारण असेही आहे, जे कोणी बोलत नाही. साखरेची पट्टी विकत घेणारा पेशंट आहे. हापशीच्या पाण्याची पट्टी कोण विकत घेणार? हापशी सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही.

त्या मुलाकडे परत येतो. बाईंना मी म्हटले, एका प्लास्टिकच्या बाटलीत त्या हापशीचे पाणी आणा. फ्लोराईडसाठी काचेची बाटली नको, प्लास्टिकचीच बरी. आधी पाच मिनिटे हापसा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, मग भरा, आणि बाटलीवर हापशीची जागा व तारीख लिहा. बाटली आली. याआधीचा माझा अनुभव असा की एका गावचा नमुना मी रीतसर पाठवला होता आणि अहवाल आला साडेतीन महिन्यांनी. कोणत्या कचेरीने उशीर केला ते लिहून उपयोग नाही. तिथला माणूसही तीन जणांचे काम एकटा करत होता. या वेळी मी वाट पाहिली नाही. आमच्या गावच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडे फ्लोराईडचा इलेक्ट्रोड आहे. शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून बाटली घेऊन त्यांच्याकडे गेलो.

जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे. प्राध्यापकांनी आमच्या बाटलीला हातही लावला नाही. आधी त्यांनी स्वतः बनवलेली दोन द्रावणे घेतली, एकात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराईड, दुसऱ्यात १०. इलेक्ट्रोड आधी त्यांत बुडवला. दुकानदार तराजू उचलण्याआधी पारडी समान आहेत का ते पाहतो, त्यातला प्रकार. मग नुसत्या पाण्यात बुडवून मला दाखवले: २.५. "आता बघा," म्हणाले, आणि पाण्यात तितकेच दुसरे एक द्रावण मिसळले. ते घातले की पाण्याचा आंबट-तुरटपणा ठरावीक पातळीवर राहतो आणि ॲल्युमिनियम किंवा लोहाने धरून ठेवलेले फ्लोराईड मोकळे होते. इलेक्ट्रोडला फक्त मोकळे फ्लोराईड दिसते. पुन्हा मोजले, पाणी निम्मे झाल्याचा हिशेब केला: २.८. तीनदा केले, तिन्ही वेळा २.८ च्या आसपास. यंत्र तेच, पाणी तेच, पण करण्याची रीत चुकली असती तर दहात एक भाग कमी दाखवले असते. दीडच्या आसपासच्या विहिरीच्या बाबतीत एवढ्या चुकीने पास-नापास बदलते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग गावच्या माणसाच्या हातात हे यंत्र देऊच नका. माझे मत उलट आहे. ग्लुकोमीटरही चुकतो. माझा एक पेशंट सकाळी ३४० साखर घेऊन घामाघूम होऊन आला. हात धुऊन पुन्हा पाहिली तर १४८. चिकू सोलून त्याच बोटाला सुई टोचली होती. म्हणून मी त्याचे यंत्र काढून घेतले नाही, हात धुवायला शिकवले. चुकण्याच्या भीतीने मोजायचेच नाही, ही सबब पाण्याच्या बाबतीतच का चालावी?

या रोगाशी आपली ओळखही जुनी आहे. नेल्लोर जिल्ह्यातल्या लोकांच्या ताठलेल्या पाठी आणि डागाळलेले दात पाण्यातल्या फ्लोराईडमुळे आहेत, हे १९३७ साली शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी यांनी प्रसिद्ध केले. त्यातले चिंतामण गोविंद पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. हे पाणी सुधारण्याची तुरटी आणि चुन्याची पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने काढली. ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. घरात गाळ बसवायला तुरटी फिरवतो तेवढ्याने मात्र काही होत नाही. या पद्धतीत तुरटी कितीतरी जास्त लागते आणि किती, हे पाण्यात फ्लोराईड किती त्यावर ठरते. म्हणजे इलाजालाही आकडा हवाच. २००८-०९ पासून फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात जिल्ह्याच्या प्रयोगशाळेसाठी याच इलेक्ट्रोडचे मीटर धरलेले आहे. माझे म्हणणे एवढेच की जिल्हा फार लांब आहे.

का लांब, ते सांगतो. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच फ्लोराईड त्यांचे नुकसान करते. जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत हा काळ असतो आणि पुढच्या दातांच्या बाबतीत पहिली तीन-चार वर्षे सर्वांत नाजूक. चौथीतल्या त्या मुलाचे जे व्हायचे ते होऊन गेले आहे. मोठा झाल्यावर दंतवैद्याकडून दात झाकून घेता येतील, इतकेच. पण त्याच बाईंच्या कडेवर त्या दिवशी दीड वर्षाची मुलगी होती. तिचे दुधाचे दात पांढरेशुभ्र. पक्के दात आत बनत होते, आणि बनत होते त्याच हापशीच्या पाण्यावर. अहवालाला साडेतीन महिने लागणे म्हणजे तिच्यासाठी काय, हे प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये कुठे लिहिलेले नसते.

आणि दात हे नुसते पुढचे लक्षण. वर्षानुवर्षे लिटरला ३ ते ६ मिलिग्रॅम पोटात जात राहिले की हाडे धरू लागतात. इथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. साठीच्या एका शेतकऱ्याला मी सहा वर्षे वाताच्या गोळ्या दिल्या. मान धरली होती, पाठ वाकत नव्हती, शौचाला बसता येत नव्हते. मागून हाक मारली तर ते मान न वळवता सगळे अंगच वळवीत. वय झाले, संधिवात असेल, असे मी म्हणत राहिलो. त्या गोळ्यांनी त्यांचे पोट तेवढे बिघडले. शेवटी दुसऱ्या कारणाने हाताचा एक्सरे काढला. त्यात कोपर ते मनगट दोन हाडांमधला पडदा चुन्यासारखा पांढरा झालेला दिसला आणि माझे डोळे उघडले. सहा वर्षांत मी त्यांना विडी विचारली, दारू विचारली, पाणी विचारले नाही. ज्यांना वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावता येत नाही, हनुवटी छातीला टेकत नाही, दोन्ही हात डोक्यामागे नेता येत नाहीत, आणि दात डागाळलेले आहेत, त्यांनी पुढच्या डॉक्टरला आधी पाण्याचे सांगावे. त्याने नाही विचारले तरी सांगावे.

आकडा कळून तरी काय होणार, गरिबाला दुसरे पाणी आहे कुठे, असे मला एका सभापतींनी विचारले होते. त्यांना मी बांगलादेशची हकीकत सांगितली. तिथे कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. २००० ते २००३ या काळात सुमारे पन्नास लाख कूपनलिका तपासल्या गेल्या आणि वाईट निघाल्या त्यांना लाल रंग, चांगल्यांना हिरवा रंग दिला गेला. बाकी काही नाही, नुसता रंग. आरायहाजार भागात नंतर पाहणी झाली तेव्हा विहीर वाईट आहे असे कळलेल्या दहांपैकी सुमारे सहांनी वर्षभरात दुसऱ्या कूपनलिकेचे पाणी भरायला सुरुवात केली होती. शेजारच्या अंगणात जाऊन, शेजारणीचे टोमणे ऐकून. कारण एक वाईट तर दुसरी चांगली असते. जमिनीखालचा दगड दर शंभर पावलांवर बदलतो. मात्र कोणती चांगली हे कोणीतरी मोजून, रंगवून सांगावे लागते.

आपल्याकडे २०१९ च्या जल जीवन मिशनपासून गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचे किट वापरायला शिकवले जाते. ही चांगली गोष्ट आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. त्या किटमध्ये पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग तक्त्याशी ताडून पाहायचा असतो. पाण्यात ३ असेल तर रंगावरून कळते. एक आणि दीडमध्ये मात्र दोन बायकांचे दोन रंग होतात, त्यातून संध्याकाळ असली तर बोलायलाच नको. म्हणून किटने गावच्या सगळ्या हापशा, विहिरी, बोअर चाळाव्यात आणि संशयित असतील त्यांचे पाणी इलेक्ट्रोडवर मोजावे. तो इलेक्ट्रोड प्राथमिक आरोग्य केंद्रात असावा. तिथे रक्त-लघवी तपासणारा तंत्रज्ञ बसतोच. त्याला प्रमाण द्रावणे, मिसळायचे द्रावण आणि दोन दिवसांचे शिक्षण द्यावे. यंत्र स्वस्त नाही, पण सोनोग्राफीच्या यंत्रापुढे त्याची किंमत नगण्य आहे. मात्र नुसते यंत्र घेऊन उद्घाटनाची फीत कापायची असेल तर नको. द्रावणे संपली आणि कुणी मागवली नाहीत की सहा महिन्यांत ते कपाटावर जाते. तशी कपाटे मी पाहिली आहेत.

आणि आकडा फायलीत नको, हापशीवर हवा. ऑइलपेंटने, तारखेसह. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुना नेतोच, त्याच्याच हाती ब्रशही द्यावा. पिण्याला नको असे पाणी कपड्याला, भांड्याला, गुरांच्या गोठ्याला चालते, हापशी बंद करण्याचे कारण नाही. बंद केली की बायकांचे हाल होतात आणि मग तपासणीलाच विरोध सुरू होतो.

नायट्रेटचे दोन शब्द, कारण पत्रे येतात. शेणाच्या उकिरड्याशेजारी, संडासाच्या खड्ड्याजवळ किंवा युरिया भरपूर टाकतात अशा शेतातल्या विहिरीत ते वाढते. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात वरचे दूध कालवून दिले तर बाळ निळे पडू शकते. अमेरिकेत आयोवातल्या एका डॉक्टरने १९४५ साली विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध दाखवला. उकळल्याने हेही जात नाही. आईचे दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका नाही, हे आणखी एकदा लिहून ठेवतो.

बाईंच्या घराजवळ दुसरे काय आहे याची चौकशी केली तेव्हा कळले की मारुतीच्या देवळापाशी एक जुनी उघडी विहीर आहे. पाणी जरा जड, डाळ शिजायला वेळ लागतो, म्हणून नवी हापशी झाल्यापासून तिकडे कोणी जात नाही. पुढच्या शनिवारी तिचीही बाटली आली. प्राध्यापकांनी दोन्ही द्रावणांत इलेक्ट्रोड बुडवून घेतला, मग मोजले: ०.६. विहीर उघडी असल्याने जंतूंचा प्रश्न होता, तेव्हा पाणी गाळून उकळायला सांगितले. आता पिण्याचे दोन हंडे तिथून येतात, बाकी हापशीचेच.

सासूबाई कुरकुरतात. डाळ शिजत नाही म्हणतात. बाई म्हणाल्या, "डाळ आधीच भिजू घालतो जी आता."